लाकडाचा ठोका

१

रोज सकाळी वल्लरी तळघरातल्या त्या खोलीत जायची, दाराशेजारच्या कपाटातल्या जाड लोकरी सपाता पायांत चढवायची, मधोमध उभी राहायची आणि दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटायची. ठाक्. मग कान देऊन ऐकायची.

बिजागरीने जोडलेल्या त्या फळ्या तिला ओजसने करून दिल्या होत्या. हाताच्या टाळीचा भरवसा नाही, ती रोज वेगळी पडते, असं त्याचं म्हणणं. खोलीच्या भिंती मऊ गाद्यांनी मढवलेल्या होत्या, त्यामुळे खोलीला स्वतःचा आवाजच नव्हता. छतातले माइक ठोका टिपायचे आणि भिंतीतले स्पीकर तो परत द्यायचे. पण परत येताना तो जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या तळघरातला राहिलेला नसायचा. दक्षिण तुर्कस्तानातल्या एका टेकडीवर सहाव्या शतकात उभ्या असलेल्या चर्चमधला असायचा. दगडी खांबांच्या दोन रांगा, दगडी भिंती, वर लाकडी छप्पर, आणि आत कोणी नाही. ठोका खांबांमधून लांबवर जायचा, पलीकडच्या अर्धगोल भिंतीला टेकायचा, परत फिरायचा आणि सावकाश विरत जायचा. त्या विरण्याचा शेवटचा धागासुद्धा वल्लरीला पाठ होता.

टेकडीवर आज यातलं फारसं काही उरलेलं नाही. गुडघ्याएवढ्या भिंती, बाप्तिस्म्याचा हौद, द्राक्षं तुडवायची कुंडी, पाण्याची टाकी, आणि मुख्य सभामंडपाची फरशी. फरशीवर रंगीत खड्यांत काढलेली द्राक्षवेल, दोन मोर आणि घड कुरतडणारा एक ससा. तो ससा मातीतून मोकळा करण्यात वल्लरीचे दोन उन्हाळे गेले होते. गेल्या थंडीत त्याच्या कानातून तडा गेला. फरशीवर छप्पर आलं नाही, तर आणखी थोड्या हिवाळ्यांत वेल, मोर, ससा या सगळ्याचा खड्यांचा ढीग होणार होता.

छपराचा खर्च एक प्रतिष्ठान उचलू शकत होतं. त्यांची माणसं शुक्रवारी तळघरातलं हे प्रदर्शन बघायला येणार होती. त्यांना पटलं तर छप्पर. नाही पटलं तर ताडपत्री.

आणि तरीही, किंवा म्हणूनच, वल्लरी वर्षभर सगळ्यांशी भांडत आली होती. ज्याला पुरावा नाही, ते दाखवायचं नाही. धूप नको, दिवे नकोत, गाणारे साधू तर मुळीच नकोत. प्रदर्शनाच्या प्रमुख डॉ. आन्सॉर्गे म्हणायच्या, "लोकांना वातावरण लागतं, फ्राउ वल्लरी." वल्लरी म्हणायची की वातावरण म्हणजे थापा. जर्मनमध्ये ती हे जरा सभ्यपणे म्हणायची, पण फार सभ्यपणे नाही. शेवटी तिचं चाललं. खोलीत फक्त एक रिकामी वास्तू उभी राहिली, तिच्या आवाजानिशी.

त्या सोमवारी तिने फळ्या आपटल्या. ठाक्.

शेवटचा धागा आलाच नाही. ठोका खांबांपर्यंत गेला आणि तिथेच कुठेतरी जिरला.

२

"तू माझ्या मॉडेलला हात लावलास?" तिने ओजसला फोनवर विचारलं.

"गुड मॉर्निंग तुलाही."

"ओजस."

"नाही लावला. मी वोल्फ्सबुर्गला मीटिंगमध्ये बसलोय आणि समोर सहा लोक मोटारीचं दार बंद झाल्याचा आवाज ऐकतायत. आल्झो, तर मग, लवकर बोल."

ओजस पुण्याचा. मोटारींचे आवाज मोजून पोट भरायचा आणि शनिवार-रविवारी वल्लरीच्या चर्चचा आवाज फुकट बसवून द्यायचा. त्याला काहीतरी सुधारल्याशिवाय चैन पडत नसे, म्हणून तिचा पहिला संशय त्याच्यावरच गेला.

"पडसाद आखूड झालाय," ती म्हणाली.

"मग आत काहीतरी मऊ ठेवलं असशील. नवीन फ्लॅट घेतला की रिकाम्या खोलीत बोललेलं कसं घुमतं? सोफा आला, पडदे आले, चार पाहुणे येऊन बसले, की घुमणं बंद. तसंच आहे हे."

"माझ्या चर्चमध्ये सोफा नाहीये."

"मग पाहुणे असतील," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

तिने संगणकातलं चर्चचं मॉडेल तपासलं. दगड, लाकूड, चुना, एवढंच. तरी तिने सगळं पुसलं, महिनाभरापूर्वीची जपून ठेवलेली प्रत चढवली आणि पुन्हा ठोका दिला. धागा लांबच लांब गेला. झालं तर. कोणीतरी गाढवपणा केला होता आणि तो निस्तरला होता. वैताग आला, पण हा वैताग तिच्या ओळखीचा होता.

ती कुमुदिनीआत्याकडे राहायची. आत्या चाळीस वर्षांपूर्वी नर्स म्हणून इथे आली, एका जर्मन शिक्षकाशी लग्न करून राहिली, आणि तो गेल्यावरही चौथ्या मजल्यावरचं ते जुनं घर तिने सोडलं नाही. लिफ्ट नव्हती. खालच्या दाराची घंटा कधीची बिघडलेली. त्यामुळे वल्लरी खालूनच हाक मारायची, "आत्या, दार उघडून ठेव गं," आणि फरशांनी मढवलेला तो जिना तिची हाक उचलून थेट माळ्यापर्यंत न्यायचा. पहिल्या मजल्यावरच्या फ्राउ ब्योमे मग दाराला चिठ्ठी लावायच्या: जिना म्हणजे ऑपेरा नव्हे.

"जरा हळू ओरडत जा," आत्या त्या संध्याकाळी म्हणाली. "ती बाई मला दुकानात गाठून बोलते."

"ओरडत नाही मी. जिनाच तसा आहे."

"जा, जा. जिनाच तसा आहे आणि तू गरीब गाय."

३

मंगळवारी ठोका पुन्हा आखूड आला. सोमवारपेक्षाही आखूड.

या वेळी वल्लरी खरोखर चिडली. तिने यंत्राची बाहेरून येणारी तार उपटली, पासवर्ड बदलला, यंत्राच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली गळ्यात अडकवली. मग दिवसभर ती खोलीसमोर खुर्ची टाकून बसली. कोणी आलं नाही. बुधवारी सकाळी ठोका दिला, तर तो जेमतेम उमटला. रजईत गुंडाळलेल्या माणसाने खोकावं तसा.

तिने स्वतःशी वाद घातला. तळघरात ओल आली असेल. माइक बिघडला असेल. तिने माइक बदलला. फरक पडला नाही. स्पीकर एकेक करून ऐकले. सगळे ठणठणीत. मग तिच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. दाराशी, उंबरठ्याजवळ ठोका दिला तर तो अजून थोडा घुमत होता. जसजसं आत जावं, तसतसा मरत होता. वेदीच्या बाजूला तर काहीच नाही. म्हणजे ती जागा पुढून भरत मागे येत होती.

'भरत' हा शब्द मनात आला आणि ती स्वतःवरच वैतागली. पुराव्याशिवाय शब्द वापरायचे नाहीत, हे ती स्वतःच बाकीच्यांना शिकवत आली होती.

डॉ. आन्सॉर्गे दुपारी डोकावल्या, आत चार पावलं फिरल्या आणि खूश झाल्या. "आता जमलं. काल-परवापर्यंत इथे थंड वाटायचं. आता ऊब आहे. काय केलंत?"

"मी काही केलेलं नाही. हे चूक आहे. शुक्रवारपर्यंत मी शोधून काढते."

"काही शोधू नका."

"हा रिकाम्या इमारतीचा आवाज नाही, डॉक्टर. आपण भिंतीवर लिहिलंय की हा रिकाम्या इमारतीचा आवाज आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. तर मग ते वाक्य काढून टाका." आणि बोलता बोलता त्या किंचित बाजूला झाल्या, खांदा आत घेऊन. तिथे काहीच नव्हतं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. वल्लरीच्या आलं.

४

गुरुवारी दुपारी आत्या डबा घेऊन आली. वल्लरी दोन दिवस धड जेवली नव्हती.

"आलेच आहे तर दाखव तरी तुझं देऊळ," आत्या म्हणाली.

"देऊळ नाही, आत्या. प्रदर्शन आहे."

"तेच ते." आत्याने बूट काढले, पायमोजेही काढले आणि लोकरी सपातांकडे ढुंकूनही न बघता अनवाणी आत गेली. खालच्या छापील फरशीवरची वेल, मोर बघितले. "ससा गोड आहे," म्हणाली. मग फरशीवर मांडी घालून बसली.

"अगं, खाली काय बसतेस? गुडघे धरतील."

"देवाच्या दारात आल्यावर न टेकता जाऊ नये. दोन मिनिटं."

वल्लरीने फळ्या उचलल्या. आत्यासमोर एकदा वाजवून बघावं, नीट ऐकू येणारी कोणीतरी साक्षीदार असावी, असा तिचा विचार. ठाक्.

काहीच परत आलं नाही.

आत्याने पाय जवळ घेतले. पर्स मांडीवर ओढली. मग डावीकडे सरकली, थोडी, आणि आणखी थोडी, लग्नाच्या मांडवात सतरंजीवर बसलेली बाई नव्या येणारीला जागा करून देते तशी, आणि वर न बघता पुटपुटली, "बिटे, बसा ना."

"आत्या," वल्लरी म्हणाली. "कोणासाठी सरकलीस?"

"कोण, मी?"

"आत्ता सरकलीस तू."

"गर्दीत सरकावंच लागतं गं," आत्या म्हणाली, आणि मग तिने मान वर केली. रिकाम्या खोलीकडे बघितलं. गादीच्या भिंती, वर छतातले माइक. मग एक हात जमिनीवर टेकून उठली. उठतानाही तिने कोपर अंगाशी धरलं होतं, कोणाला लागू नये म्हणून. "चल. जेवून घे."

बाहेर बूट घालताना ती दारावरचा फलक वाचत होती. आत्याला वाचताना ओठ हलवायची सवय. फलकावरचा मजकूर वल्लरीनेच लिहिला होता. टेकडी, हौद, द्राक्षांची कुंडी, आणि शेवटी, त्या काळच्या रोजच्या आयुष्याबद्दल दोन ओळी. घंटा तिकडे फार नंतर आल्या. सहाव्या शतकात तिकडे प्रार्थनेसाठी लोकांना बोलवायचं, तर लाकडी फळीवर ठोका देत.

"हे तू लिहिलंयस?" आत्याने विचारलं.

"हो. का?"

"आणि त्या हातातल्या कशाच्या आहेत?"

वल्लरीने फळ्यांकडे बघितलं.

"किती दिवस वाजवतेयस?"

"आत्या, ती मोजण्याची पद्धत आहे. सगळं जग तसंच मोजतं."

"असेल. पण रोज सकाळी बोलवायचं आणि आपण पाठ फिरवून चहाला जायचं, याला आमच्या वेळी उद्धटपणा म्हणायचे." आत्याने बुटाचा बंद आवळला. "पोळी गार होतेय."

५

शुक्रवारपुरतं वल्लरीने मनाशी ठरवून टाकलं. ठोका द्यायचा नाही. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, आणि म्हणूनच हे ठरवताना तिला स्वतःची भयंकर चीड आली. पण कारण साधं होतं: यंत्र बिघडलेलं आहे, बिघडलेल्या यंत्राचं प्रात्यक्षिक करायचं नसतं. तिने फळ्या पिशवीत घालून पिशवी कपाटात ठेवली.

प्रतिष्ठानची मंडळी दुपारी आली. करड्या कोटातला एक उंच म्हातारा, दोन बायका, चष्मा पुसत राहणारा एक तरुण वकील. आत्याही आली होती. डॉ. आन्सॉर्गेंनी आदल्या दिवशी तिला गेटवर भेटून आग्रहाने बोलावलं होतं.

"तू कशाला आलीस?" वल्लरीने हळूच विचारलं.

"काल अर्धवट उठले. बरं नाही दिसत ते."

सगळ्यांनी सपाता घातल्या, आत गेले. म्हाताऱ्याने फरशी बघितली, खांबांची चित्रं बघितली, मान हलवली. छान आहे, म्हणाला, ज्या सुरात लोक दुसऱ्याच्या घरचा पडदा छान आहे म्हणतात. मग घड्याळ बघितलं.

डॉ. आन्सॉर्गे वल्लरीला दाराबाहेर कोपऱ्यात घेऊन आल्या. "ठोका द्या."

"डॉक्टर, मी तुम्हाला सांगितलंय की आवाज चुकीचा आहे."

"त्यांना काय माहीत बरोबर कुठला? ऐकल्याशिवाय त्यांना ही जागा समजणार नाही. आणि त्यांना समजली नाही तर छप्पर नाही. तुम्हाला पुरावा हवा की ससा?"

वल्लरीच्या डोळ्यांपुढे सशाचा तो कान आला. तडा आता डोळ्यापर्यंत आला असेल. तिकडे नोव्हेंबरात रात्री गारठा पडतो, भेगेत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं. त्या चर्चमध्ये जमणारी पाच-सहाशे माणसं काळात हरवली, तरी जगात कोणी विचारत नाही. एका सशाचं कोण विचारणार, तिच्याशिवाय. तिने कपाट उघडलं, पिशवीतून फळ्या काढल्या. डॉ. आन्सॉर्गे परत आत गेल्या; तिथे मंडळी पांगून उभी होती. ती उंबरठ्यावरच थांबली. आत जावंसं वाटेना.

तिने ठोका दिला.

ठाक् असा आवाज तिच्या हातातून सुटला आणि संपला. उंबरठ्यापर्यंत, तिच्या सपातांच्या टोकापर्यंत सगळं गच्च होतं.

आणि आत मंडळी हलू लागली. करड्या कोटातला म्हातारा एक पाऊल मागे सरला, मग दोन. वकिलाने दोन्ही हात छातीशी घेतले. बायका एकमेकींना चिकटल्या. एवढ्या मोठ्या रिकाम्या खोलीत डॉ. आन्सॉर्गेंसकट ती पाचही माणसं आणि आत्या, चेंगरल्यासारखी, टाचा उचलून, माना उंच करून, सगळी एकाच दिशेला बघत उभी राहिली. कोणी घाबरलेलं दिसेना. एक बाई सौम्यपणे "एन्टशुल्डिगुंग, माफ करा" म्हणाली, शेजारी जिथे कोणीच नव्हतं तिथे बघून. आणि क्षणभर, फक्त एक क्षण, वल्लरीला त्यांच्या मधल्या मोकळ्या जागा मोकळ्या वाटल्या नाहीत. पाठी दिसल्या. खूप पाठी, एकमेकींना खेटून, आणि दाराकडे वळलेला एकच चेहरा.

तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा म्हातारा रुमालाने डोळे टिपत होता.

६

छप्पर मंजूर झालं. करड्या कोटाने दोन्ही हातांत तिचा हात घेतला. "इतकी वर्षं अवशेष बघतो आहे," तो म्हणाला, "पण तिथे माणसं होती, हे मला आज कळलं." डॉ. आन्सॉर्गे वल्लरीकडे बघून हसल्या. सगळे सपाता काढून कॉफीसाठी वर गेले.

आत्या शेवटी आली. ते जड दार आपोआप मिटायचं. तिने पाठ लावून ते उघडं धरलं आणि नजर खाली घालून तशीच उभी राहिली.

"आत्या, सोड आता. सगळे गेले."

"थांब गं."

"कशाला थांबू? कोणी नाहीये आत."

"थांब म्हणते ना. म्हातारी माणसं आहेत."

बोळातले दिवे माणसाची चाहूल लागली की पेटायचे. ते एकेक करून पेटत गेले, दारापासून जिन्यापर्यंत, सावकाश, आणि बराच वेळ विझले नाहीत. आत्याने मग दार सोडलं, कंबर दाबली. "पाय भरून आले. बसायला जागाच नव्हती." आणि ट्राम पकडायला निघून गेली.

वल्लरी एकटी खोलीत गेली. फळ्यांना हात लावायची इच्छा नव्हती. ती नुसतीच खाकरली. खाकरणं खांबांमधून गेलं, लांबच्या भिंतीला टेकलं, परत आलं, पुन्हा गेलं. शेवटचा धागा अगदी बारीक होत, तिला पाठ होता तसाच, विरला. स्वच्छ, बरोबर, रिकामा. भिंतीवरचं वाक्य आता खरं होतं. आनंद व्हायला हवा होता.

कप विसळून, खोलीला कुलूप लावून ती घरी पोचली तेव्हा अंधारून येत होतं. फळ्यांची पिशवी खांद्यावर होती. तळघरात ठेवाव्यात असं तिला वाटलं नव्हतं. जिन्यातला दिवा आधीच लागलेला. फ्राउ ब्योमेंची नवी चिठ्ठी: जिन्यात गर्दी करू नये.

उगाच काहीतरी, असं म्हणत वल्लरीने कठड्याला हात लावला आणि रोजच्यासारखी हाक मारली, "आत्या, दार उघड गं."

हाक तिच्या ओठांपासून हातभर अंतरावर पडली. जिन्याने ती उचललीच नाही.

ती वाट बघत राहिली. चार मजले फरशांचे, कठडा लोखंडी, खिडक्या काचेच्या. मऊ असं तिथे काहीच नव्हतं. तिने मनातल्या मनात यादी पुन्हा तपासली, दगड, लोखंड, काच, आणि यादी बरोबर होती.

मग वरून, कुठूनतरी रजयांच्या ढिगामागून यावा तसा आत्याचा आवाज आला. शांत, पण थोडा वैतागलेला.

"ये. भिंतीकडून ये."

वल्लरीने पिशवी छातीशी घट्ट धरली, आतल्या फळ्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून. मग अंग चोरून पहिली पायरी चढली.